बोंब-चाचणी

घरच्या माणसाला घरातला पसारा दिसत नाही, म्हणून बाहेरच्या माणसाला बोलवावं लागतं. ठमीचा सगळा धंदा या एका वाक्यावर चालला होता. कंपन्यांच्या कुठल्यातरी मागच्या खोलीत एसी लावून ठेवलेले सर्व्हर असतात, त्यांत वर्षानुवर्षांचं काम साठलेलं असतं. ते सगळं उचलून क्लाउडवर न्यायचं, म्हणजे दूर कुठेतरी दुसऱ्यांनी सांभाळलेल्या यंत्रांवर भाड्याने जागा घ्यायची, तिथे हे काम नीट लावून द्यायचं आणि मागची खोली रिकामी करायची. बिऱ्हाड हलवणाऱ्या हमालाचंच काम, फक्त सामान डोळ्यांना दिसत नाही, असं ती स्वतःच म्हणायची. कंपनीतल्या लोकांना हे येत नाही असं नाही. पण त्यांचा प्रत्येक खोक्यात जीव अडकलेला असतो. हे मोठ्या साहेबांच्या वेळचं, राहू दे. ते कशाचं आहे ठाऊक नाही, त्याला हात लावू नकोस. बाहेरचा माणूस कोणाच्या अध्यात नसतो ना मध्यात. तो येतो, चार प्रश्न विचारतो, सामान हलवतो आणि आपल्या वाटेने जातो.

ठमी हे काही तिचं खरं नाव नव्हतं. चाळिशी ओलांडलेल्या, चार गावचं पाणी प्यालेल्या बाईला ते शोभतही नव्हतं. पण ते दादाने ठेवलेलं, आणि दादापुढे तिचं काही चालायचं नाही. आईवडील गेले तेव्हा ती शाळेत होती आणि दादा नुकता कामाला लागला होता. त्याने तिला वाढवलं, जादा पाळ्या करून शिकवलं आणि ती मार्गी लागल्यावर मग स्वतःचं लग्न केलं. ठमीने लग्न केलं नाही. जगात आपलं म्हणावं असं तिला दादा होता, आणि आता वहिनी. तेवढंच, पण ते तिला पुरून उरत होतं.

दादा वजनकाट्यांच्या कारखान्यात होता. दुकानातले काटे, दवाखान्यात तान्ह्या पोरांना निजवायचे काटे, ट्रक तोलायचे काटे. तयार झालेला प्रत्येक काटा त्याच्या टेबलावर येई आणि तो वजनं ठेवून काढून तो खरा बोलतो की नाही ते बघे. या वेळचं काम तिथूनच आलं होतं. शब्द दादानेच टाकला होता. मालकांच्या माणसांनी क्लाउडचं काम दोनदा सुरू केलं होतं आणि दोन्ही वेळा ते अर्ध्यावर अडलं होतं. बाहेरचंच कोणीतरी हवं, असं मालक म्हणाले आणि दादाची छाती फुगली. पहिल्या दिवशी फाटकापासून ऑफिसपर्यंत त्याने भेटेल त्याला थांबवून सांगितलं, ही माझी बहीण. ठमीला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि बरंही वाटलं.

ऑफिसच्या दाराला अंगठा लावायचं यंत्र होतं. कंपनीच्या माणसांनी अंगठा टेकवायचा की दार उघडायचं. ठमीला गळ्यात अडकवायला पाहुण्यांचं कार्ड मिळालं. ते दिलं स्वागताच्या टेबलामागे बसणाऱ्या बाईने. तिच्या तोंडाची टकळी अशी की कार्डाची दोरी सोडवेपर्यंत ठमीला तिचे गुडघे, तिच्या मुलीचं गणित आणि शेजाऱ्यांचा कुत्रा या सगळ्यांची खबर मिळाली. दादा दुपारचा चहा तिच्याच टेबलाशी उभ्याने घ्यायचा. अर्धं आयुष्य हिचं ऐकण्यात गेलं, असं म्हणायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कप घेऊन तिथेच.

सर्व्हरची खोली इमारतीच्या मागच्या अंगाला होती. पूर्वी तिथे पितळी वजनं ठेवत, त्यामुळे फरशी जागोजागी खचलेली होती. लोखंडी मांडणीत सर्व्हर एकावर एक बसवलेले, मागे केबलींचं जंजाळ, आणि एसीचा असा गारठा की ठमी स्वेटर घालून बसायची. संगणक विभागाचा प्रमुख रोज तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसे. शांत माणूस. हिशेबाचं यंत्र कुठलं, पगाराचं कुठलं, मालाचं कुठलं, ते विचारलं तेवढं सांगे. तोही वर्षांपूर्वी बाहेरूनच आला होता, असल्याच कामासाठी, असं बोलण्याच्या ओघात निघालं. मग इथेच कसे राहिलात, असं तिने विचारलं. 

"आठवत नाही," तो म्हणाला. "काहीतरी कारण होतं. महत्त्वाचं होतं."

ठमीने ते हसण्यावारी नेलं. नोकरदार माणसाला इतक्या वर्षांनी आपण का राहिलो ते कुठे आठवत असतं.

एकेक यंत्र ओळखून, त्यातलं काम वर चढवून, सगळं सुरळीत चालतंय ना ते बघून शेवटी खाली तीन यंत्रं उरली. ती कोणाची, कोणालाच सांगता येईना. हिशेबवाले म्हणाले आमचं नाही, माल पाठवणारे म्हणाले आमचं नाही. अशा बेवारशी यंत्रांसाठी ठमीच्या धंद्यात एक जुना उपाय आहे. यंत्र सरळ बंद करायचं आणि वाट बघायची. ज्याचं काम अडेल तो बोंब मारत येईल, म्हणजे कळलं ते कोणाचं. कोणीच बोंब मारली नाही, तर यंत्र कोणाच्याच कामाचं नव्हतं, टाका भंगारात. ठमी तिला बोंब-चाचणी म्हणायची. उपाय अडाणी आहे, पण तो कधी चुकल्याचं तिला माहीत नव्हतं. सोमवारी सकाळी तिने घरूनच त्या तीनांतली दोन यंत्रं बंद केली. सगळी एकदम करायची नाहीत, म्हणून तिसरं ठेवलं.

सोमवार गेला, मंगळवार गेला. दोन्ही दिवस ती घरूनच काम करत होती. कोणी बोंब मारली नाही.

बुधवारी ती आली तेव्हा स्वागताच्या टेबलाच्या जागी एक झाडाची कुंडी होती. झाड मोठं होतं, पानांवर धूळ होती, आणि कुंडीखालच्या फरशीवर पाण्याचं जुनं, पिवळं वर्तुळ उमटलेलं होतं. ठमीने शिपायाला विचारलं, बाईंचं टेबल कुठे हलवलं. शिपायाने विचारलं, कोणत्या बाई. तिला वाटलं, चेष्टा करतोय. हिशेबात विचारलं, मालाच्या खात्यात विचारलं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर तोच भाव, वाट चुकलेल्या पाहुण्याकडे बघावं तसा. दुपारी ती दादाकडे गेली. दादा आपल्या टेबलापाशीच चहा पीत होता.

"इथे स्वागताला कधी कोणी बसलंच नाही गं," तो म्हणाला. "पहिल्यापासून कुंडीच आहे. तू झोपतेस ना नीट?"

त्याच्या डोळ्यांत तिला मस्करी सापडली नाही. होती ती काळजी, आणि तीही तिच्याचबद्दल.

ठमी देवभोळी नव्हती, भुताखेतांना तर अजिबात भीक घालत नव्हती. आपल्या डोक्यावर कामाचा ताण आला, असं तिने स्वतःला बजावलं. पण गुरुवारी फाटकापाशी एक बाई आली. तिचा नवरा कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर होता. ठमी कामाला लागली त्याच आठवड्यात तो निवृत्त झाला होता. निरोपाला ठमी हजर होती, सगळ्यांनी मिळून त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं आणि तो दोन शब्द बोलता बोलता रडला होता. सोमवारी सकाळी दाढी करता करता तो नाहीसा झाला, असं ती बाई सांगत होती. नळ चालू, तोंडाला लावायचा साबण ओला, आतून कडी. पोलिसांनी नोकरीचा दाखला मागितला म्हणून ती आली होती. पहारेकरी तिला समजावत होता, बाई, या नावाचा ड्रायव्हर इथे कधीच नव्हता. तो उर्मटपणे बोलत नव्हता. त्याने तिला बसायला स्वतःचं स्टूल दिलं होतं. त्याच स्टुलावर बसून तो ड्रायव्हर फावल्या वेळात पहारेकऱ्याशी पत्ते खेळायचा, ते ठमीने पाहिलं होतं.

ती मागच्या खोलीत गेली आणि दोन्ही यंत्रं सुरू केली. पंखे फिरले, दिवे लागले. ती धावत पुढे आली. कुंडी जागेवर होती. संध्याकाळपर्यंत होती. शुक्रवारीही होती.

राहिलं तिसरं यंत्र. त्यात काय आहे ते तिने पहिल्यांदाच नीट उघडून पाहिलं. आत काहीच नव्हतं. एक फाइल नाही, एक अक्षर नाही, कोरी पाटी. तरी त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता, काहीतरी अखंड चालू होतं, आणि त्या गारठ्यात हात लावला तर त्याची कड कोमट लागत होती. ती वाकून मागची बाजू बघत असतानाच दादाचा फोन आला.

"अगं, तुझ्या वहिनीला कळव, आज मला जरा उशी—"

तिच्या कोपराचा धक्का लागून मागची केबल सैल झाली होती. फोन कटला नव्हता. पलीकडे कारखान्याचा आवाज येत होता, कोणीतरी काट्यावर वजन ठेवल्याचा ठण्ण आवाजही आला. दादाचा मात्र श्वासही नाही. ठमीने केबल आत दाबली.

"—र होईल," दादा म्हणाला. "ऐकतेस ना?"

ऐकतेय, असं ती म्हणाली. ती त्या खचलेल्या फरशीवरच बसली. हे यंत्र कोणाचं, ते तिला कळलं होतं. तिच्या धंद्यात हे कळल्यावर पुढे काय करायचं ते ठरलेलं असतं. इथे काय करायचं ते तिला कोणी शिकवलं नव्हतं.

दादाला नोकरी सोडायला लावावी, हे तिच्या मनात आधी आलं. पण ड्रायव्हर तर नोकरी सोडून घरी बसला होता, तरी आपल्या न्हाणीघरातून गेला. यंत्रातलं सामान क्लाउडवर न्यावं, तर आत न्यायला सामानच नव्हतं. कोऱ्या पाटीची नक्कल कोरीच. यंत्र जसंच्या तसं उचलून आपल्या घरी नेऊन लावावं, तर एक केबल सैल झाली तेवढ्यात त्याचा शब्द अर्ध्यावर तुटला होता. सबंध वाटभर त्याचं काय झालं असतं? धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. लोक तिला याच कामाचे पैसे देत होते, अडलेलं सोडवण्याचे, आणि तिला एक खोकं इकडचं तिकडे करता येत नव्हतं. दादाला सगळं सांगायचा तिने प्रयत्न केला. त्याने तिच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

शेवटी ती मालकांकडे गेली. मालक सज्जन गृहस्थ होते. खोली महिनाअखेर रिकामी करायची ठरलं होतं, तिथे काट्यांचा रंग पक्का करायची नवी भट्टी बसणार होती. ठमी म्हणाली, बाकी काय हवं ते करा, एक यंत्र चालू राहिलं पाहिजे. कोणाचं आहे ते, त्यांनी विचारलं. तिला सांगता येईना. काय करतं? तेही सांगता येईना. एवढ्या नावाजलेल्या बाई आणि असं लहान मुलासारखं हट्टाने बोलतात, याचं त्यांना नवल वाटलं असावं. तुमचं काम या आठवड्यात संपतंय, पुढे आमची माणसं बघतील, असं ते हळूच म्हणाले. आमची माणसं म्हणजे तो शांत विभागप्रमुख. तो ते यंत्र कोणत्याही सकाळी, चहाचा कप एका हातात धरून बंद करेल, हे ठमीला दिसत होतं.

तिचे डोळे भरून आले. परक्यापुढे ती कधी रडली नव्हती. मालक अवघडले. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

"एवढी काळजी असेल तर तुम्हीच राहा ना," ते म्हणाले. "आमच्या नोकरीत या. भट्टी दुसरीकडे बसवू. ती खोली, ते यंत्र, सगळं तुमच्या ताब्यात. तुमच्याशिवाय कोणी हात लावणार नाही."

ठमीने क्षणभरही विचार केला नाही. पगार तिच्या कमाईच्या अर्धा होता. तिला तो चौथाई असता तरी चालला असता. खोलीची किल्ली तिच्या एकटीकडे राहणार होती. दादा जगेल तोवर ती त्या यंत्राला वारा लागू देणार नव्हती. त्या संध्याकाळी दादाच्या घरी जाऊन तिने त्याला नोकरीचं तेवढं सांगितलं, तेव्हा तो इतका हरखला की वहिनीला हाक मारताना त्याचा आवाज फाटला. आता रोज बरोबर जाऊ, बरोबर येऊ, म्हणाला. वहिनी ठमीला म्हणाली, वन्सं, तुम्ही बरोबर असाल म्हणून, नाहीतर निवृत्ती जवळ आली या नुसत्या विचाराने हे खंगले असते. जेवताना दादाने आग्रह करकरून वाढलं. ठमी त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या कानांवरचे पांढरे केस, वजनं उचलून उचलून राठ झालेली बोटं. हे सगळं आता आपल्या हातात सुरक्षित आहे, असं तिला वाटलं. कित्येक दिवसांनी ती गाढ झोपली.

सोमवारी सकाळी तिने पाहुण्यांचं कार्ड परत केलं. विभागप्रमुखाने तिचा अंगठा दाराच्या यंत्रावर टेकवून घेतला. काच गार होती. यंत्र एकदा वाजलं आणि दार उघडलं.

"आलात," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं. त्यालाही ते काय होतं ते कळलं नसावं.

त्या दिवशी तिला कुंडीतल्या झाडाची धूळ पुसावीशी वाटली. इतकं सुंदर झाड, आणि कोणी लक्ष देत नाही.

मंगळवारी फाटकापाशी कोणी बाई रडत होती. नवरा हरवलाय म्हणे. मॅडमना वाईट वाटलं. आता सगळे तिला मॅडमच म्हणत.

बुधवारी बसमध्ये तिच्या शेजारी बसलेल्या, काटे तपासणाऱ्या म्हाताऱ्या कामगाराने तिच्याशी फार लगट केली. डब्यात काय आणलंस, झोप झाली का. माणूस चांगला वाटला. म्हातारपणी माणसं बोलायला भुकेलेली असतात. ती बोटाने खिडकीची काच पुसत हो-हो म्हणत राहिली. उतरताना तो तिच्याकडे बघत जागेवरच बसून होता. मागच्यांनी ढकललं तेव्हा उठला.

गुरुवारी तिने मागच्या खोलीचं कुलूप काढलं. जुनी यंत्रं भंगारवाल्याने नेली होती. मांडणीत एकच उरलं होतं. ते का ठेवलंय, याची तिने विभागप्रमुखाकडे चौकशी केली. त्याला माहीत नव्हतं. हिशेबवाल्यांना माहीत नव्हतं. तिने उघडून पाहिलं, आत काहीच नव्हतं. एसी फुकट जळत होता.

ती या धंद्यात मुरलेली होती. असल्या वेळी काय करायचं ते तिला विचारावं लागत नव्हतं.

तिने बटण दाबलं. पंखा हळूहळू थांबला. कडेला हात लावला तेव्हा अजून थोडी ऊब होती.

तिने दुपारपर्यंत वाट पाहिली. दुसऱ्या दिवशीही पाहिली.

कोणी बोंब मारली नाही.

शनिवारी कामाच्या वेळेत एक बाई आली. पहारेकरी अडवत होता तरी ती आत घुसली, कुंडीपाशी उभी राहिली आणि मॅडमना बघताच तिने त्यांचे दोन्ही हात धरले.

"वन्सं, फोन का उचलत नाही? हे गुरुवारपासून घरी आले नाहीत. इथे विचारलं तर म्हणतात, असा माणूसच नाही. तुम्ही तरी सांगा यांना."

मॅडमनी तिला आपल्या खोलीत नेलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. बाईचे केस विस्कटलेले होते, दोन पायांत दोन वेगळ्या चपला होत्या. आपला काहीतरी गैरसमज होतोय, असं मॅडमनी तिला शक्य तितक्या मायेने सांगितलं. आपल्याला भाऊ नाही. आईवडील लहानपणीच गेले, आपण एकटीच वाढलो, एकटीच शिकलो.

बाईचं लक्ष तिच्या कपाळाकडे गेलं. तिचं रडणंही थांबलं.

"ती भुवईवरची खूण," शेवटी ती म्हणाली, अगदी हलक्या आवाजात. "यांनीच पाडलीय ती. बागेत झोका देताना. इतक्या वर्षांनीही बोलता बोलता डोळ्यांत पाणी यायचं त्यांच्या."

मॅडमचा हात आपसूक भुवईकडे गेला. तो झोका तिला चांगला आठवत होता. गंजक्या साखळ्या, लाकडी फळी. ती अजून, अजून म्हणून ओरडत होती आणि झोका वर, आणखी वर, झाडाच्या शेंड्यापर्यंत जात होता. मग तिने मागे वळून पाहिलं, म्हणून तर तोल गेला.

मागे कोणी नव्हतं. झोका आपोआपच तेवढा उंच जात होता.